वाचकांचे प्रश्न : जकार्तातलं घर, जमीन कुणाची आणि मुदत किती

या वेळच्या पत्रांत जकार्ताचीच पत्रं जास्त आहेत. मुलं-सुना इथे कापड, पोलाद, सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत नोकरीला येतात, दोन-चार वर्षांत रुळतात आणि मग इथेच एखादं घर घेऊन टाकावं का, हा विषय निघतो. पत्रांतल्या वस्त्याही ठरलेल्या आहेत : केमायोरान, त्याला लागून सुंतेर आणि पूर्वेला केलापा गाडिंग. भारतीयांची एक मोठी शाळा केमायोरानला आहे, त्यामुळे आपली बरीच कुटुंबं या पट्ट्यात राहतात. मी सुंतेरला राहते आणि एका व्यापारी कंपनीत कर्मचाऱ्यांचे भाडेकरार आणि कर बघते, म्हणून याच भागातली पत्रं उत्तरासाठी घेतली. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांपासून जकार्तात आहे. नात केमायोरानच्या शाळेत जाते. शाळेजवळच्याच एका टॉवरमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट ३.२ अब्ज रुपियाला मिळतो आहे. मुलगा दरवर्षी एवढं भाडं भरतो, त्यापेक्षा आम्ही निवृत्तीचे पैसे घालून तो घ्यावा का? तो आमच्या नावावर होईल का?
— निवृत्त मुख्याध्यापक, वाशी

सर, नावावर होण्याचं आधी सांगते, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, परदेशी माणसाला मिळत नाही. १९६० च्या जमीन कायद्याने ती इंडोनेशियन नागरिकांसाठी राखून ठेवली आहे. फ्लॅटच्या बाबतीत मात्र २०२० च्या रोजगारनिर्मिती कायद्याने आणि त्यापाठोपाठ आलेल्या २०२१ च्या नियमावलीने दार उघडलं. परदेशी व्यक्ती आता फ्लॅटची मालक होऊ शकते. तिच्याकडे इमिग्रेशनची वैध कागदपत्रं हवीत, इमारत विशेष आर्थिक क्षेत्रात किंवा सरकारने मान्य केलेल्या तशाच दुसऱ्या एखाद्या क्षेत्रात हवी, आणि किंमत किमान मर्यादेच्या वर हवी. जकार्तासाठी ही मर्यादा फ्लॅटला ३ अब्ज आणि स्वतंत्र घराला ५ अब्ज रुपिया अशी २०२२ मध्ये ठरली. ३ अब्ज म्हणजे आपले दीड कोटीहून थोडे जास्त.

तुम्हाला सांगितलेला ३.२ अब्ज हा आकडा मला म्हणूनच खटकला. मर्यादेच्या जेमतेम वर असलेली किंमत दिसली की एकच गोष्ट करा. त्याच टॉवरमध्ये, तेवढ्याच क्षेत्रफळाचा, दोन-चार मजले वर-खालचा फ्लॅट इंडोनेशियन गिऱ्हाइकाला कितीला जातो आहे, ते मुलाला काढायला सांगा. जाहिराती सगळ्यांना दिसतात, आणि इमारतीच्या व्यवस्थापन कार्यालयातली माणसं विचारलं की सांगतात. स्थानिक माणसाला किमान किमतीची अट नाही. तोच फ्लॅट त्याला अडीच अब्जात मिळत असेल, तर वरचे पैसे तुम्ही पहिल्याच दिवशी घालवलेत, कारण उद्या तुमच्याकडून विकत घेणारा बहुधा स्थानिकच असेल आणि तो स्थानिक भावानेच घेईल. गेल्या दशकभरात जकार्तात टॉवर इतके उभे राहिले की जुन्या फ्लॅटना भाव चढत नाही. जमिनीवरच्या घरांची गोष्ट वेगळी आहे, पण ती परदेशी माणसाच्या आवाक्यातली नाहीत.

आता केमायोरानबद्दल, आणि यासाठीच मी तुमचं पत्र पहिलं घेतलं. हा सगळा भाग पूर्वी विमानतळ होता. १९४० मध्ये सुरू झाला आणि १९८५ मध्ये, नवा सुकार्नो-हत्ता विमानतळ झाल्यावर, बंद पडला. आजचा बेन्यामिन सुएब रस्ता म्हणजे जुनी धावपट्टी. म्हणून तो एवढा रुंद आणि सरळसोट आहे, आणि जकार्तात आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी त्याचं आश्चर्य वाटतं. जुना नियंत्रण मनोरा अजून उभा आहे. दरवर्षी जून-जुलैमध्ये जकार्ताची मोठी जत्रा इथल्याच प्रदर्शन मैदानात भरते. २०१८ च्या आशियाई खेळांसाठी खेळाडूंचे टॉवर इथेच बांधले, आणि कोविडमध्ये त्यांचंच रुग्णालय झालं. एवढ्या गोष्टी एका ठिकाणी झाल्या, कारण विमानतळाची जमीन सरकारची होती आणि आजही सरकारचीच आहे. राष्ट्राध्यक्षांच्या कारभाराखालच्या राज्य सचिवालयाचं एक केंद्र ती सांभाळतं. बिल्डरला त्या जमिनीवर ठरावीक मुदतीचा बांधकामहक्क मिळतो, आणि त्या हक्काच्या वर तुमचा फ्लॅट उभा असतो.

तुम्ही वाशीचे आहात, त्यामुळे हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर तुमची सोसायटी उभी असेल, तर काय प्रकार आहे ते तुम्ही ओळखलंच असेल. फरक मुदतीचा. इथे बांधकामहक्क पहिल्यांदा ३० वर्षांचा असतो, त्याला २० वर्षांची वाढ मिळते, आणि नंतर ३० वर्षांसाठी नव्याने घेता येतो. ऐकायला ८० वर्षं होतात. पण घड्याळ फ्लॅट विकला त्या दिवशी सुरू होत नाही, बिल्डरला हक्क मिळाला त्या दिवशी सुरू होतं. दोन्ही वेळा जमीन सांभाळणाऱ्या केंद्राची संमती लागते, आणि खर्च सगळ्या फ्लॅटधारकांच्या वाट्याला येतो.

म्हणून कागद बघताना हे करा. फ्लॅटच्या मालकीचं जुनं प्रमाणपत्र गुलाबी रंगाचं असतं. (आता नवीन प्रमाणपत्रं इलेक्ट्रॉनिक निघतात, पण मजकूर तोच.) बहुतेक लोक त्यावरचं नाव, मजला आणि क्षेत्रफळ बघतात आणि पान उलटतात. तुम्ही सामायिक जमिनीची नोंद शोधा. तिथे जमिनीवरच्या हक्काचा प्रकार लिहिलेला असतो. केमायोरानच्या इमारतीत तो बहुधा ‘हाक गुना बांगुनान’ असेल आणि पुढे ‘दि आतास हाक पंगलोलाआन’ असे शब्द असतील, म्हणजे सरकारी व्यवस्थापनाच्या जमिनीवरचा बांधकामहक्क. त्याच्याजवळ हक्क कोणत्या तारखेला संपतो ते छापलेलं असतं. त्या तारखेतून आजची तारीख वजा करा. उरलेली वर्षं बारा-पंधरा असतील तर मी तरी त्या फ्लॅटला हात लावणार नाही, मग खिडकीतून समुद्र दिसो नाहीतर बंदर.

आणि विक्रेता म्हणाला की प्रमाणपत्र अजून यायचं आहे, सध्या प्राथमिक करारावरच व्यवहार होईल, तर तिथेच थांबा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने एका बिल्डरकडे पूर्ण रक्कम भरली. चावी मिळाली, राहायला गेले, मुलं मोठी झाली, तरी फ्लॅट कागदावर त्यांचा झाला नव्हता, कारण बिल्डरने जमीन बँकेकडे गहाण टाकलेली होती. असं इथे बऱ्याच इमारतींत घडलं आहे. नोटरी कितीही गोड बोलला तरी मूळ कागद जमीन नोंदणी कार्यालयात तपासून आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खर्चाचं थोडक्यात. घेणाऱ्याला ५ टक्के हस्तांतरण कर, विकणाऱ्याला २.५ टक्के. बिल्डरकडून नवा घेतला तर मूल्यवर्धित कर वेगळा. दरमहा क्षेत्रफळावर देखभाल शुल्क, ते फ्लॅट रिकामा असला तरी चालूच. भाड्याने दिला तर मिळालेल्या भाड्यावर १० टक्के अंतिम कर. भारतातून पैसे पाठवताना दरवर्षी माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, म्हणजे रक्कम बसेल. पण १० लाख रुपयांच्या वर २० टक्के कर आगाऊ कापला जाईल आणि विवरणपत्र भरल्यावर त्याचा हिशेब होईल. परदेशातली मालमत्ता दरवर्षी विवरणपत्रात दाखवावी लागेल, भाडंसुद्धा. या वयात हा कागदपत्रांचा भार दरवर्षी कोण उचलणार, याचाही विचार करा.

आणि चलन. २०११ च्या सुमाराला आपल्या एका रुपयाला साधारण २०० रुपिया मिळायचे, २०२४ मध्ये १९० च्या आसपास. डॉलरपुढे दोन्ही चलनं बरोबरीने घसरली. म्हणजे इथे पैसे ठेवून रुपयाच्या घसरणीपासून तुमचा बचाव होत नाही, आणि बहुतेक पालकांचा हेतू तोच असतो. १९९७ च्या मध्यात २४०० ला एक डॉलर होता, तो वर्षभरात १६ हजारांवर गेला. ती आठवण इथल्या माणसांच्या मनातून गेलेली नाही, आपणही ती विसरू नये.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. निवृत्तीचे पैसे वाशीतच ठेवा. मुलाला भाड्याने राहू द्या. त्याचा राहण्याचा परवाना कंपनीशी बांधलेला आहे. नोकरी बदलली, बदली झाली, अटी पूर्ण होईनाशा झाल्या, तर मालमत्ता एका वर्षाच्या आत विकावी लागते, आणि घाईने विकणाऱ्याला काय भाव येतो ते तुम्ही जाणता. पुढे त्याला कायम निवासाचा परवाना मिळाला आणि नातीची शाळा इथेच पूर्ण करायची ठरली, तर घर त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या इथल्या कमाईतून घ्यावं.

प्रश्न : जकार्तातल्या एका व्यापाऱ्याशी जुने संबंध आहेत. तो केलापा गाडिंगच्या मुख्य रस्त्यावरचा दुकानगाळा सुचवतो आहे. खाली दुकान, वर तीन मजले. गाळा त्याच्या नावावर राहील आणि खरा मालक मी आहे असा वेगळा करार आम्ही करू. तो माणूस विश्वासाचा आहे.
— यंत्रमाग व्यावसायिक, इचलकरंजी

दादा, नको. तो माणूस विश्वासाचा असेलही, पण प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाही. १९६० च्या कायद्याचं २६ वं कलम अशा व्यवहारांसाठीच लिहिलेलं आहे. प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने परदेशी माणसाकडे मालकी जाईल असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तुमचा तो वेगळा करार न्यायालयात दाखवलात, तर तोच तुमच्या विरुद्धचा पुरावा होईल. आणि उद्या तो व्यापारी वारला, तर त्याच्या मुलांनी तुमचा विश्वास कशासाठी सांभाळायचा?

खरोखर धंदा करायचा असेल, तर परदेशी गुंतवणुकीची इंडोनेशियन कंपनी काढता येते आणि ती बांधकामहक्कावर गाळा घेऊ शकते. पण जमीन-इमारत धरल्याशिवाय १० अब्जांहून अधिक रुपियांच्या गुंतवणुकीची योजना दाखवावी लागते. एका गाळ्यासाठी हे परवडणारं नाही. तिथे गाळे भाड्यानेही मिळतात, तीन-तीन, पाच-पाच वर्षांचे करार होतात. कापड विकायचं असेल, तर त्याआधी पासार बारूला जाऊन या. ही बाजारपेठ दोनशे वर्षांची आहे आणि तिथे सिंधी-पंजाबी कापडवाल्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या आहेत. त्यांच्या दुकानात बसून चहा घ्या आणि ऐका. केलापा गाडिंगच्या त्या रस्त्यावर काय चालतं आणि काय बंद पडतं, ते तुम्हाला तिथे एका दुपारी कळेल.

प्रश्न : जानेवारीत आम्ही पुण्याहून जकार्ताला येतोय. कंपनी घरभाडं देणार आहे. टॉवरमध्ये राहायचं नाही, दोन्ही मुलांना अंगण हवंय. केलापा गाडिंगमध्ये एक बंगला पसंत पडलाय, जाहिरातीत ‘पूरमुक्त’ असं लिहिलंय. पण तो भाग पाण्याखाली जातो असंही ऐकलं. खरं काय?
— वाचक, कोथरूड

ताई, दोन्ही खरं असू शकतं, कारण तिथे पाणी गल्लीगणिक बदलतं. केलापा गाडिंग पूर्वी दलदल आणि भातशेती होती. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून एका खासगी विकासकाने तिथे वस्ती उभारायला सुरुवात केली. नंतर इतरही आले, आणि आज तो जवळजवळ शहरातलं एक शहर आहे. पण पाणी उतरून कुठे जाणार? सुंतेर नदी आणि तिचे नाले तिथूनच जातात आणि समुद्र जवळ आहे. २००७ च्या फेब्रुवारीत आणि २०२० च्या १ जानेवारीला तिथे जे पाणी आलं ते सगळ्या शहराने पाहिलं. नववर्षाच्या त्या सकाळी लोक होड्यांतून बाहेर पडत होते. शिवाय उत्तर जकार्ताची जमीन खचते आहे, आणि त्याचं मोठं कारण आहे जमिनीखालचं उपसलेलं पाणी. २०२३ च्या ऑगस्टपासून शहराच्या काही भागांत मोठ्या इमारतींना बोअरचं पाणी वापरायला बंदी झाली, ती त्यासाठीच.

जाहिरातीतलं ‘पूरमुक्त’ वाचून काही कळत नाही, ते जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतं. घर पाहायला स्वतः जा, आणि असं बघा.

आधी रस्त्यावर उभं राहून फाटकाकडे पाहा. घराचं जोतं रस्त्यापेक्षा उंच आहे का? बऱ्याच गल्ल्यांत रहिवाशांनी वर्गणी काढून रस्ता उंच केला, मग जी घरं उंच केली नाहीत ती खड्ड्यात गेली. गॅरेजमध्ये गाडी घालताना उतार आत आणि खाली जात असेल, तर पाणीही त्याच वाटेने येणार. मग आत. बिऱ्हाड हललं की भिंती रंगवतात, म्हणून भिंतीवर खूण शोधू नका. अंगभूत कपाटं असतील तर खालचा फळा बाहेर ओढून पाहा. लाकडाचा तळ फुगला असेल, पोपडे आले असतील, तर बोट लावलं की कळतं. दाराच्या चौकटींचा खालचा वीतभर भाग बघा. विजेचे सॉकेट जमिनीपासून किती उंचावर आहेत ते बघा. एखाद्या घरात ते सगळे कमरेच्या वर असतील, तर घरमालकाला पाण्याचा अनुभव आलेला आहे, आणि तो शहाणा आहे. असं घर मी लगेच नाकारणार नाही. गुडघ्यापर्यंत फरशी लावलेलं दिवाणखान्यातलं भिंतीचं अंग, वरच्या मजल्यावर फ्रीजसाठी केलेली जागा, या गोष्टीसुद्धा बोलतात.

मग माणसांना विचारा. दलालाला नको. गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या सुरक्षारक्षकाला विचारा, सकाळी भाजीची गाडी घेऊन येणाऱ्याला विचारा. सगळ्यात उत्तम म्हणजे ‘पाक एर्ते’ला भेटा. हा आसपासच्या घरांच्या गटाचा निवडलेला प्रमुख असतो, आपल्या शेजारचाच एखादा गृहस्थ. नव्या भाडेकरूची नोंद त्याच्याकडेच करायची असते आणि पाहुणा मुक्कामाला आला तर चोवीस तासांत कळवायचं अशी पाटी गल्लीच्या तोंडाशी लावलेली असते. तुम्ही करार करायच्या आधी त्याच्या दारात गेलात तर तो खूश होतो आणि २०२० मध्ये पाणी कोणत्या घराच्या कोणत्या पायरीपर्यंत आलं हे सांगतो. पंप कोण चालवतं, वर्गणी किती, कचरा कधी उचलतात, हेही तिथेच कळेल. तुम्ही जानेवारीत येताय हे बरं आहे. जानेवारी-फेब्रुवारीतच जास्तीत जास्त पाऊस असतो. येताक्षणी करार करू नका. महिनाभर फर्निचर असलेल्या फ्लॅटमध्ये राहा, एक मोठा पाऊस पडू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गल्लीत चक्कर मारा.

एवढं सगळं जमलं, तर केलापा गाडिंग मुलांसाठी छान आहे, हे मी मनापासून सांगते. मोठी झाडं आहेत, संध्याकाळी गल्लीत सायकली फिरतात, शेजारी चिनी-इंडोनेशियन कुटुंबं असतात आणि चिनी नववर्षाला संत्री पाठवतात. मॉलपासून रावामांगुनच्या वेलोड्रोमपर्यंत शहरी रेल्वे २०१९ पासून चालते, तिकीट ५००० रुपिया, म्हणजे पंचवीस-तीस रुपये. ती पुढे मांगाराईपर्यंत नेण्याचं काम २०२३ मध्ये सुरू झालं. मेथी मिळायची नाही, पण शेवग्याचा पाला, फणस, नारळ, चिंच बाजारात असतात. तूरडाळ आणि चांगली कणीक भारतीय दुकानांतून आणावी लागेल. घरकामाला बाई ठेवलीत, तर ईदच्या आधी तिला एक महिन्याचा पगार जास्तीचा द्यायचा असतो, तो आठवणीने बाजूला ठेवा. ती गावी जाईल, दोन आठवडे सगळं शहर ओस पडेल. तेवढे दिवस मुलांना घेऊन जकार्ता पायी बघून घ्या, एरवी रहदारीमुळे ते जमत नाही.

प्रश्न : मी साताऱ्याची. नवरा इंडोनेशियन आहे, लग्नाला आठ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची आहे. सुंतेरला आम्ही दोघांच्या पैशातून घर घेतोय. नोटरी म्हणतो की माझ्यामुळे नवऱ्यालाही पूर्ण मालकी मिळणार नाही. सासूबाईंना वाटतं मी अडचण आहे. काय करू?
— वाचक, सुंतेर

तू अडचण नाहीस. अडचण कायद्यातून आली आहे, आणि तिच्यावर उपायही आहे. इथल्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची धरली जाते. त्यात तुझा वाटा आला की परदेशी व्यक्तीचा वाटा आला, म्हणून पूर्ण मालकी अडते. पूर्वी यावर उपाय लग्नाआधीच्या कराराचा होता, आणि तो न करता लग्न झालेल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं अडकून पडल्या. त्यातल्याच एकीने दाद मागितली आणि २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार लग्न झाल्यानंतरही करता येतो. तो नोटरीकडे करायचा आणि विवाह जिथे नोंदवला आहे तिथे त्याची नोंद करून घ्यायची. घर घ्यायच्या आधी हे काम उरकून घ्या, नंतर नको. तुझा नोटरी हे बोलला नसेल, तर दुसरा नोटरी बघ.

आता जे सासूबाईंसमोर कुणी बोलत नाही, ते मी लिहिते. करार झाला की घर कागदोपत्री फक्त नवऱ्याचं होईल. तुझे पैसे त्यात जातील आणि तुझं नाव कुठे नसेल. म्हणून तुझ्या वाट्याची रक्कम बँकेतून, तुझ्या खात्यातून जाऊ दे, आणि तो कागद जपून ठेव. त्याहून बरं म्हणजे घराचा भार त्याने उचलावा आणि तू तेवढीच रक्कम तुझ्या नावावर दुसरीकडे ठेवावी, इथल्या मुदत ठेवीत किंवा साताऱ्याला. नवऱ्याशी हे बसून बोल. चांगला माणूस असेल तर त्याला यात काही गैर वाटणार नाही.

मुलीचं लक्षात ठेव. २००६ च्या नागरिकत्व कायद्याने मिश्र विवाहातल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत दुहेरी नागरिकत्व ठेवता येतं आणि निवड करायला आणखी तीन वर्षं मिळतात. आपला देश मात्र दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे तिचा पासपोर्ट कोणता हे आताच पक्कं करा. ती इंडोनेशियन राहिली, तर हे घर पुढे पूर्ण मालकीने तिच्याकडे येऊ शकेल. नवऱ्याच्या माघारी घर तुझ्या वाट्याला आलं, तर परदेशी वारस म्हणून तुला ते एका वर्षात हस्तांतरित करावं लागेल, आणि ते तू मुलीच्या नावावर करू शकशील. यासाठी इच्छापत्र हवं. दोघांचंही. मी माझ्या ओळखीतल्या प्रत्येक मुलीला हेच सांगते आणि बहुतेक जणी ते पुढे ढकलतात.

प्रश्न : केमायोरानला फ्लॅट भाड्याने घेतोय. घरमालक दोन वर्षांचं भाडं एकदम मागतोय, दहा टक्के सूट देतो म्हणतो. शिवाय भाड्यावरचा करही मीच भरावा असं म्हणतो. हे बरोबर आहे का?
— तरुण अभियंता, जकार्ता

वर्षाचं भाडं एकदम भरण्याची इथे पद्धत आहे, त्यात फसवणूक नाही. दोन वर्षांचं भरू नकोस. पहिल्या वर्षात तुला इमारत कळेल : लिफ्ट किती वेळा बंद पडते, पाण्याचा दाब कसा आहे, जत्रेच्या महिन्यात घरी पोहोचायला किती वेळ लागतो. जत्रेच्या दिवसांत त्या रस्त्यावर गाड्या हलत नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवते. सूट पाहिजेच असेल, तर दुसऱ्या वर्षीही हाच दर राहील एवढं करारात लिहून घे. नोकरीमुळे देश सोडावा लागला तर उरलेलं भाडं परत मिळेल, असं कलम परदेशी भाडेकरूंच्या करारात नेहमी घालतात, तेही माग.

भाड्यावरचा १० टक्के कर घरमालकाच्या उत्पन्नावरचा आहे. भाडेकरू कंपनी असेल तर ती तो कापून सरकारकडे भरते, आणि मग घरमालक भाडंच तेवढं वाढवून सांगतात. तू स्वतःच्या नावाने घेतोयस, तेव्हा तो भार तुझ्यावर यायचं कारण नाही. ठामपणे सांग, बहुतेक जण ऐकतात.

पैसे दलालाच्या खात्यात पाठवू नकोस. मालकी प्रमाणपत्रावर ज्याचं नाव आहे, त्याच्याच नावाच्या खात्यात भर. करारावर १० हजार रुपियांचं महसुली तिकीट लावून त्यावरून सही घे. अनामत रक्कम किती आणि कधी परत, ते आकड्यात लिही. चावी घ्यायच्या दिवशी वीज मीटरचा क्रमांक आणि शिल्लक युनिटचा फोटो काढ. वीज इथे आगाऊ भरायची असते, आधीच्या भाडेकरूने काय ठेवलं ते नंतर कुणी मानत नाही. एसी चारही खोल्यांत पंधरा मिनिटं चालू ठेवून बघ. खाली पाणी ठिबकत असेल तर दुरुस्ती मालकाकडून करून घे, मगच सामान आत ने.